कुंदे, पिशवी उलटीच होती

कुंदे, पिशवी उलटीच होती. तू ती उलटी केली होतीस आणि झटकलीही होतीस.

आज सकाळी लॅबमध्ये निकाल आला आणि माझा हात सवयीनं फोनकडे गेला. तुझा नंबर लावला बघ मी. रिंग जाऊन राहिली, तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला की उचलणार कोण. तुझा फोन आता दिवाकरभाऊंकडे असतो. तुझ्या भावानं 'हॅलो' म्हणायच्या आत मी कट केला आणि मागच्या जिन्यावर जाऊन हमसून हमसून रडले. आमचा शिपाई विचारून गेला, "मॅडम, रिझल्ट खराब आला का?" काय सांगू त्याला? रिझल्ट चांगलाच आला. पण जिच्याशी भांडायला मागवला होता, तीच उठून निघून गेली.

आपण भांडलो ते काही नवीन नव्हतं. कॉलेजात बेडकाच्या आतड्यांवरून भांडलो होतो, तेव्हापासून सुरूच आहे. पुढे तू मौद्याच्या शाळेत विज्ञान शिकवलंस, निवृत्त झालीस आणि रामटेकजवळच्या बापाच्या शेतावर जाऊन पाखरांच्या मागे लागलीस. मी इथं नागपुरात जनावरांच्या गोचिडी चिरत बसले. मग एक दिवस तू काचेच्या नळीत पाखराची गोचीड घेऊन आलीस आणि म्हणालीस, "गाईच्या पाह्यल्या बहुत. आता हिच्या पोटात काय आहे, पाह्य." त्या दिवसापासून आपलं पुन्हा जमलं. मी लिहिते शुद्ध, पण तुझ्याशी बोलायला मला नागपुरीच लागते, तेव्हा मधूनमधून ती येईल. सांभाळून घे.

आधी तुझ्या तेरवीला काय झालं ते सांगते, कारण तिथूनच माझ्या जिवाला घोर लागलाय. तुला हृदयानं दगा दिला, तसं डॉक्टरांनी लिहून दिलं, तरी जेवणाच्या पंगतीत बाया कुजबुजत होत्या. "पाखरं धरे ना रोज. पाखराचाच ताप बाधला." थंडीत गावातल्या एकाला ताप भरून अंगावर पुरळ आलं होतं, आणि गोचिडीनंही असं होऊ शकतं असं डॉक्टर म्हणाले होते, आठवतं? तो माणूस ठणठणीत बरा होऊन तुझ्याच तेरवीत बुंदी वाढत होता. पण गोष्ट त्याच्यावरून उठून तुझ्यावर येऊन बसली. हात धुताना दिवाकरभाऊ माझ्याजवळ आले. म्हणाले, "ताई, लोकं म्हनतेत बोडीमागचं झुडूप तोडून टाका. पाखरं तिथंच बसतेत, बाहेरदेशातला रोग आनतेत. मशीनवाल्याले रविवारी ये म्हनलं. तुमाले काय वाटते?"

मला काय वाटतं! तळ्याकाठच्या त्या झुडपात तुझी अर्धी सकाळ जायची. "निकाल यायचाय भाऊ, तोवर थांबा," एवढंच म्हणाले मी. निकाल काय येईल हे मला तरी कुठं ठाऊक होतं? आणि तुझ्या पाखरांच्या विरुद्ध आला तर मी काय सांगणार होते, ते तर अजिबातच ठाऊक नव्हतं.

ती सकाळ आठव. संक्रांत होऊन गेली होती, बोडीवर धुकं होतं आणि मी कानटोपी विसरले म्हणून तू मला तुझा मफलर दिला होतास. बारीक जाळीत पाखरं अडकायची, तू त्यांना अलगद सोडवून एकेकाला सुती पिशवीत ठेवायचीस. त्या पिशव्या माझ्या बाबांच्या कापडाच्या. उमरेडच्या घरी मागावरून उतरलेलं त्यांचं शेवटचं ठाण पेटीत पडून होतं, ते मी तुला दिलं तेव्हा आई काय भडकली होती! "कोष्ट्याच्या घरचं कापड पाखरानं हगावं म्हणून विणलं काय?" तू तिला शांतपणे म्हणालीस, "काकू, पाखराले टेरिकॉट नाही चालत. जीव घाबरते त्याचा." आईला ते पटलं. दुसऱ्या दिवशी तिनंच नाड्या ओवून दिल्या.

पिशवीतून पाखरू काढलं की तू त्याला चिमटीत धरून डोक्यावरच्या पिसांवर हळूच फुंकर मारायचीस. पिसं दुभंगून गुलाबी कातडी दिसायची. डोळ्याच्या कडेला, कानामागे, म्हणजे पाखराची चोच पोचणार नाही तिथं, गोचीड चिकटलेली असायची. खसखशीच्या दाण्याएवढी असली तरी तुला दिसायची. मला चष्म्यातूनही दिसत नव्हती, आणि तू दर वेळी म्हणायचीस, "डॉक्टरीण होय का काय होय तू?" मग चिमट्यानं गोचीड स्पिरिटच्या नळीत टाकायची, पाखराच्या पायात बारीक वाळा घालायचा आणि हात उघडायचा. नंबर कोरलेल्या त्या कड्याला वाळा तूच म्हणायचीस, बारशाला घालतात तसा. आणि पाखरू उडालं की सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे पिशवी. उलटी करायची, दोनदा झटकायची, तारेवर टाकायची. का, तर एका पाखराची गळालेली गोचीड शिवणीत लपून बसते आणि पुढच्या पाखरावर चढते. मग कुणाची गोचीड कुणाच्या नावावर जाते.

त्या सकाळी एका पिशवीत आधी सातभाई होता. थोड्या वेळानं त्याच पिशवीतून तू निळकंठी काढलीस. निळ्या गळ्याची, मुठीत मावणारी ती चिमुकली थंडीपुरती आपल्याकडे येते, आणि येते ती पार उत्तरेकडच्या बर्फाच्या मुलखातून. तू तिला बघून केवढी ओरडलीस, "आली वं माही पोरगी परत!" मी हसले. तू कावळ्यालाही पोरगाच म्हणायचीस, तेव्हा त्यात मला विशेष काही वाटलं नाही. तिच्या डोळ्याच्या कडेला एक गोचीड होती, टम्म फुगलेली.

त्याच गोचिडीनं आपल्याला भांडायला लावलं.

पाखरांच्या गोचिडींत रिकेट्सिया नावाच्या कुळातले जीवाणू सापडतात, हे आपल्याला माहीत होतं. मजा पुढे होती. तू आणलेल्या नळ्यांमधल्या जीवाणूंचा डीएनए वाचत गेले तसतशी मी चक्रावून गेले. सगळे एकाच कुळातले, पण प्रत्येकात दोन-चार अक्षरं इकडची तिकडे. सातभाईच्या गोचिडीतला वेगळा, दयाळाच्या गोचिडीतला थोडा वेगळा. आमच्या उमरेडला घरोघरी करवतकाठी लुगडी विणायचे. बाहेरच्या माणसाला सगळी सारखीच. पण आई काठावर नुसतं बोट फिरवून सांगायची, हे आपल्या घरचं, हे पलीकडच्यांचं. मी तेच करत होते, फक्त काठ डोळ्यांना दिसत नव्हता. रामटेकच्या एका बोडीभोवती एवढे वेगवेगळे काठ असतील, असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं. मी तुला फोनवर सांगायचे आणि तू पलीकडून "अबबब! आनखी सांग," म्हणायचीस.

निळकंठीच्या गोचिडीतला मात्र आपल्या एकाही काठाशी जुळेना. जगभरचे लोक असले क्रम जिथं जमा करतात, तिथंही शोधला. जवळचे नातेवाईक सापडले, तो स्वतः सापडला नाही. मी तर उडालेच. तुला म्हटलं, "कुंदे, नवीन आहे वं! निळकंठीनं बाहेरून आणला असेल."

तू नुसतं "बरं" म्हणालीस. तुझ्या गावात तेव्हाच पाखरांच्या तापाची बोंब सुरू झाली होती, हे मला नंतर कळलं. तुझा आवाज पडलेला ऐकून मला कीव आली आणि मी तुला पळवाट दिली. म्हटलं, "त्या पिशवीत आधी सातभाई होता ना? घाईत पिशवी झटकायची राहिली असेल. ही गोचीड संशयास्पद म्हणून आपण बाजूला ठेवू. तुझ्या पोरीचं नावच येणार नाही."

कुंदे, मला वाटलं तू सुटकेचा श्वास सोडशील. तू तर अशी कडाडलीस की मी फोन कानापासून लांब धरला. "माही पिशवी उलटी होती! मी झटकली होती! तू काहून खोटं लिहून राहिली वं? पाखराईसाठी? माह्या पाखराईले तुह्या खोट्याची गरज नाही."

आता मीही कोष्ट्याची पोर. आपण चांगुलपणा करायला जावं आणि वरून बोलणी खावीत! मलाही ताव चढला. एवढी चिडते म्हणजे नक्कीच राहिली असणार झटकायची, असं माझ्या मनानं घेतलं. म्हटलं, थांब, दाखवतेच. गोचिडीच्या पोटातलं रक्त कुणाचं, हे त्या रक्ताच्या डीएनएवरून कळतं. त्यासाठी लागणारी रसायनं मी मागवली, फक्त तुला खोटं पाडायला. ती यायला वेळ लागला. तेवढ्यात आपला एकदाच फोन झाला, तोही शेवटचा निघाला. तू म्हणालीस, "तू पिशवीवरच अडकून राहिली. पाखराच्या पायाकडं पाह्य." मी म्हटलं, पायाचं काय? तर तू म्हणालीस, "सांगत नाही. शोध." वर्गात पोरांना छळायचीस तशी. उत्तर म्हणून कधी द्यायची नाहीस तू, शिक्षकी हाडात मुरलेली. मी वैतागून "ठेवते" म्हटलं. नंतर सगळंच राहिलं.

तर आज निकाल आला. गोचिडीच्या पोटातलं रक्त निळकंठीचं आहे. सातभाईचा त्यात मागमूस नाही. म्हणजे गोचीड तिचीच होती आणि तुझी पिशवी उलटीच होती. तू खरी आणि मी खोटी, घे.

पण रडून झाल्यावर जिन्यावरच पुढचं ध्यानात आलं. पिशवी उलटी होती याचा अर्थ तो अनोळखी जीवाणू खरंच निळकंठीवर होता. मग गावातले लोक म्हणतात तेच खरं झालं की! बाहेरदेशातलं पाखरू, बाहेरदेशातला रोग. रविवारी मशीन येणार आणि तोडा म्हणायला कारण मीच देणार. तुला हे दिसलं नसेल? तुझी पिशवी खरी ठरली की तुझी पाखरं बदनाम होतात, हे तुला माझ्याआधी कळलं असणार. तरी तू पिशवी सोडली नाहीस. धन्य बाई तुझी!

मग तुझं ते पायाकडं पाह्य आठवलं. आत जाऊन नळी काढली. चिठ्ठीवर तुझ्या मास्तरणीच्या अक्षरात वाळ्याचा नंबर. हे नंबर मी कधी वाचलेच नव्हते, मला नळीशी काम. का कोण जाणे, मी फोनमध्ये तुझे जुने फोटो उघडले. दिवाळी झाल्यावर तू एक पाठवला होतास, तुझ्या बोटांत निळकंठी, पायात नवाकोरा वाळा, खाली लिहिलंय, "आज हिचं बारसं." फोटो मोठा करून पाहिला. तोच नंबर.

आली वं माही पोरगी परत! अगं, तू लाडानं नव्हतीस म्हणत. ती खरंच परत आली होती, तुझ्याच जाळीत. दिवाळीपासून ती इथंच होती, तुझ्या बोडीवर, तुझ्या झुडपात. आणि गोचीड? ती पाखराला काही दिवसच चिकटते, पोट भरलं की गळून पडते. संक्रांतीनंतर डोळ्याच्या कडेला फुगून बसलेली ती गोचीड निळकंठीनं बर्फातून आणलेलीच नाही. ती इथल्याच गवतातून तिच्यावर चढली. मधल्या दिवसांत ती उत्तरेकडं जाऊन आली असं कुणाला म्हणायचं असेल तर म्हणो बापडा.

गोचीड रामटेकची आहे, कुंदे. आणि तो अनोळखी काठ बहुतेक आपल्याच घरचा आहे, आपणच तो कधी उलगडून पाहिला नव्हता. बहुतेक म्हणते, कारण तो निळकंठीच्या रक्तातून इकडे आला आणि मग गोचिडीत गेला असेल का, हे अजून मला खोडून काढता येत नाही. तू असतीस तर त्या 'बहुतेक'वरून दोन तास भांडलो असतो.

इथवर परवा लिहिलं होतं. आज रविवार. रामटेकहून आत्ताच परतले, अंगावरची धूळही झटकली नाही.

मशीनवाला माझ्याआधीच पोचला होता. बांधावर बसून चहा पीत होता, बाजूला करवत. दिवाकरभाऊ आणि शेजारचे तिघं-चौघं उभे. वाटेत मी ठरवलं होतं की सरळ सांगायचं, पाखरांचा काही संबंध नाही, तोडू नका. कोण तपासायला येणार होतं? पण तुझ्या घराची पायरी चढले आणि तुझा तो आवाज आला कानात, माह्या पाखराईले तुह्या खोट्याची गरज नाही. मग जे आहे तेच सांगितलं.

म्हटलं, "भाऊ, पाखरांवर गोचिडी असतात. गोचिडींत जीवाणू असतात. एक आम्हाला नवीनच सापडला. त्यानं माणूस आजारी पडतो की नाही, ते अजून कुणालाच माहीत नाही. पण ती गोचीड इथलीच आहे. पाखरानं बाहेरून आणलेली नाही, इथल्याच गवतातून ती पाखरावर चढली. अशा गोचिडी गवतात असतात, सशावर, उंदरावर, तुमच्या कुत्र्यावर, गोठ्यातही असतात. झुडूप तोडलं म्हणून त्या जाणार नाहीत. गुरं तपासा, गवतात काम केलं की अंग बघा, ताप आला की डॉक्टरला गोचिडीचं आठवणीनं सांगा. आणि कुंदा पाखराच्या तापानं गेली नाही. ती हृदयानं गेली."

एकजण म्हणाला, "म्हंजे तोडू नोका म्हनता?"

"तोडा म्हणायला आले नाही आणि नका तोडू म्हणायलाही नाही," मी म्हटलं. "काय आहे ते सांगायला आले. शेत तुमचं आहे." हे म्हणताना मनात 'नका तोडू'च होतं, खोटं कशाला सांगू.

दिवाकरभाऊंनी झुडपाकडे पाहिलं. मग एकदम हसले आणि डोळे पुसले. "माही ताई बी असीच बोले. धड हो नाही, धड नाही नाही. डोकं खाऊन टाके." मशीनवाल्याकडे वळून म्हणाले, "चहा घे गा अजून. आन् घरी जा. रऊ दे हे असंच." शेजारचे पुटपुटत गेले. पुढच्या वर्षी पुन्हा येतील, मला माहीत आहे. यंदा तरी राहिलं.

वहिनींनी जेवायला थांबवलं. हात धुवायला मागच्या अंगणात गेले तर तारेवर बाबांच्या कापडाच्या सगळ्या पिशव्या टांगलेल्या. तू गेलीस त्या सकाळपासून तशाच आहेत म्हणे, कुणाला हात लावावासा वाटला नाही. एकूण एक उलटी, शिवणी बाहेर. मी प्रत्येकीवरून हात फिरवला. ये आणि बघ, एवढंच म्हणाली असतीस तर मला ती रसायनं मागवावी लागली नसती. पण तू कशाला म्हणशील!

जेवण झाल्यावर बोडीवर एक फेरी मारली. चैत्राचं ऊन, पाणी आटत आलेलं. सातभाई कचाकचा भांडत होते. निळकंठी दिसली नाही, निघाली असेल उत्तरेकडे. आणि तिथं उभ्या उभ्या एक गोष्ट डोक्यात आली ती काही केल्या जाईना. गाव विचारत होतं, मी विचारत होते, सगळे विचारत होते, ती येताना काय घेऊन येते? पण गोचीड जर इथलीच, तर आपल्या गवतातलं काहीबाही अंगावर घेऊन ती चैत्रात निघते. जाताना ती आपलं काय घेऊन जाते वं? त्या बर्फाच्या मुलखात कुणीतरी तुझ्यासारखी बाई तिच्या डोक्यावर फुंकर मारून बघत असेल, आणि रामटेकचा काठ बघून बुचकळ्यात पडत असेल, हे कुणाच्या घरचं म्हणून.

तुला हे ऐकवायला मी जिवाचं रान केलं असतं. तू नाहीस हे मला मुळीच आवडलेलं नाही, कुंदे, अजिबात नाही. जाताना माझं काय काय नेलंस, तेही अजून मला उमगलेलं नाही. वहिनींकडून एक पिशवी मागून आणली आहे. घरी आल्यावर सवयीनं ती सुलटी करायला गेले आणि थांबले. उलटीच खुंटीला टांगली आहे.

थंडीत ती परत येईल. तुझ्या जाळ्यांना वनखात्याची परवानगी होती तशी कुणाला मिळते का, फुंकर मारायला कुणाचे हात शिकतात का, आणि तो काठ नक्की कुणाचा, हे सगळं राहिलंय.

सांगू नको. शोधते मी.